डिचोली, दिवचल की बिचोलिम? घरच्या संगणकावर मेटासर्च बसवताना आणि वापरताना

रायबंदर-चोडण फेरीबोटीची वेळ हवी असेल तर हा लेख बाजूला ठेवा. गूगल उघडा, वेळ बघा, निघा. पण चोडणच्या कोमुनिदादीबद्दल (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कुठेकुठे काय छापून आले हे धुंडाळायचे असेल, तर एकाच सर्च इंजिनच्या पहिल्या पानावर भागत नाही. अशा कामाला मेटासर्च लागतो. तो संगणकावर कसा बसवायचा, त्यात काय निवडायचे, तो कुठे फसवतो आणि कुठे साधे सर्च इंजिनच बरे, ते इथे दिले आहे. विंडोज ११ चा संगणक गृहीत धरला आहे.

मेटासर्च काय करतो

गूगल, बिंगसारखी इंजिने आपले रोबो वेबवर फिरवतात, पाने वाचतात आणि त्यांचा इंडेक्स, म्हणजे शोधसूची, स्वतःकडे ठेवतात. मेटासर्चकडे असा इंडेक्स नसतो. तुमचा शब्द तो एकाच वेळी अनेक इंजिनांकडे पाठवतो, आलेले निकाल एकत्र करतो, दुबार आलेले गाळतो आणि एक यादी समोर ठेवतो. ही कल्पना जुनी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातला 'मेटाक्रॉलर' १९९५चा. त्यानंतर संगणकावर बसवायचे प्रोग्रॅम आले: 'कोपर्निक एजंट', 'वेबफेरेट', आणि १९९८ साली मॅक ओएस ८.५ सोबत आलेला 'शेरलॉक'. कोपर्निकमध्ये केलेला शोध जपून ठेवता यायचा, मेलेल्या लिंका तपासून काढता यायच्या, तोच शोध ठरलेल्या दिवशी आपोआप पुन्हा चालवता यायचा.

हे जुने प्रोग्रॅम काही डाऊनलोड साइटवर अजून पडून आहेत. ते घेऊ नका. इंजिनांच्या पानांची रचना तेव्हापासून कितीतरी वेळा बदलली, त्यामुळे त्यांना निकाल वाचताच येत नाहीत. शिवाय अशा साइटवरच्या इन्स्टॉलरबरोबर नको ते पाहुणे येतात.

आजचा पर्याय म्हणजे सर्क्सएनजी. 'सर्क्स' नावाचा मुक्त प्रकल्प २०१४चा, आणि त्यातून २०२१ साली सर्क्सएनजी वेगळा झाला. मूळ सर्क्स आता बंद आहे, म्हणून नाव नीट बघून घ्या. रोमीत स्पेलिंग एस-ई-ए-आर-एक्स-एन-जी. तो चालतो तुमच्या संगणकावर, पण दिसतो नेहमीच्या ब्राऊझरमध्ये.

बसवणे

आधी एक तपासणी. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'वर जा आणि खाली 'व्हर्च्युअलायझेशन'समोर 'एनेबल्ड' आहे का ते बघा. नसेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते, नाहीतर पुढचे काहीच चालणार नाही. रॅम ८ जीबी असावी. ४ जीबीत ब्राऊझरचे दोन-चार टॅब उघडले की यंत्र रेंगाळते.

मग डॉकर डेस्कटॉप, म्हणजे सर्क्सएनजीसारखे प्रोग्रॅम संगणकावर वेगळे ठेवून चालवणारे सॉफ्टवेअर, त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. घरगुती वापराला तो फुकट आहे. डाऊनलोड मोठे आहे, तेव्हा मोबाइल हॉटस्पॉटपेक्षा ब्रॉडबँडवर करा, आणि पावसाळ्यात वारा सुटलेला असेल तर लाइट जाण्याआधी आटपेल अशा वेळी करा. बसवताना डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवणारा भाग) हा पर्याय ठेवा. पहिल्यांदा उघडल्यावर डब्ल्यूएसएल जुने असल्याची तक्रार आली तर टर्मिनल 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडा आणि रोमीत डब्ल्यूएसएल, एक मोकळी जागा, जोडून दोन आडव्या रेघा आणि लगेच अपडेट असे लिहून एंटर दाबा. संगणक एकदा बंद करून चालू करा.

आता 'डॉक्युमेंट्स'मध्ये एक रिकामे फोल्डर करा. नाव काहीही द्या, पण रोमीत आणि मोकळी जागा न सोडता. सर्क्सएनजीच्या सेटिंग्ज इथे राहतील. ही पायरी बरेच जण गाळतात आणि पहिल्याच अपडेटला सगळ्या सेटिंग्ज घालवून बसतात.

डॉकर डेस्कटॉपच्या वरच्या शोधपट्टीत सर्क्सएनजी शोधा. नावात स्लॅशच्या आधी आणि नंतर सर्क्सएनजीच असलेली, म्हणजे प्रकल्पाची स्वतःची इमेज निवडा. इमेज म्हणजे प्रोग्रॅमचा तयार साचा; तो चालू केला की त्याला कंटेनर म्हणतात. ती उतरली की 'रन' दाबा, पण पुढच्या खिडकीत लगेच पुन्हा 'रन' दाबू नका. 'ऑप्शनल सेटिंग्ज' उघडा आणि तीन गोष्टी भरा. 'होस्ट पोर्ट'मध्ये ८८८८, आकडे इंग्रजी कळफलकावरून. 'व्हॉल्यूम्स'मध्ये 'होस्ट पाथ' म्हणून तुमचे फोल्डर. आणि 'कंटेनर पाथ'मध्ये स्लॅश, इटीसी, स्लॅश, सर्क्सएनजी, सगळे लहान रोमी अक्षरांत. मग 'रन'.

'कंटेनर्स'च्या यादीत पोर्टच्या आकड्यावर क्लिक केले की ब्राऊझरमध्ये शोधपट्टी उघडते. पोर्ट आधीच वापरात असल्याची चूक आली तर ८८८९ घ्या. विंडोज फायरवॉलने विचारले तर फक्त खासगी नेटवर्कला परवानगी द्या, नाहीतर एखाद्या कॅफेच्या वायफायवर बसलात तर शेजारच्यालाही तुमची शोधपट्टी वापरता येईल. संगणक पुन्हा सुरू केल्यावर पान उघडले नाही तर बिघाड शोधत बसू नका. डॉकर डेस्कटॉप उघडा आणि कंटेनरसमोरचे 'प्ले' बटण दाबा.

इंजिने निवडणे: सगळे इथेच ठरते

'प्रेफरन्सेस'मध्ये 'इंजिन्स'चा टॅब उघडला की लांबलचक यादी दिसते. जास्त इंजिने म्हणजे जास्त निकाल असे वाटून नवखा माणूस सगळी चालू करतो. तसे करू नका. नावे वेगळी असली तरी अनेकांचा माल एकाच गोदामातून येतो. डकडकगोचे वेब निकाल बहुतांशी बिंगचे असतात, याहूचेही बिंगचे. स्टार्टपेज प्रामुख्याने गूगलचे निकाल देते. म्हणजे बिंग, डकडकगो आणि याहू तिन्ही लावलेत तर तुम्ही एकालाच तीनदा विचारताय.

त्याने नुसता वेळ जात नाही, यादीचा क्रमही बिघडतो. सर्क्सएनजी प्रत्येक पानाला गुण देतो. ते पान ज्या ज्या इंजिनात आले तिथला क्रमांक घेऊन एकाला त्याने भागायचे, येणाऱ्या संख्यांची बेरीज करायची आणि ते पान जितक्या इंजिनांत आले त्या संख्येने गुणायचे, असा साधारण हिशोब. एखादे पान एकाच इंजिनात पहिले आले तर त्याला १ गुण. दुसरे पान तीन इंजिनांत प्रत्येकी तिसरे आले तर एक-तृतीयांशची तीनदा बेरीज १, गुणिले ३, म्हणजे ३ गुण. दुसरे वर जाते. तिन्ही इंजिने स्वतंत्र असतील तर हा निवाडा रास्त आहे. तिन्हींच्या मागे बिंगच असेल तर ते एकाच माणसाचे तिहेरी मतदान झाले.

म्हणून आधी सगळी बंद करा आणि प्रत्येक गोदामातून एकच घ्या. गूगल किंवा स्टार्टपेज यांपैकी एक. बिंग किंवा डकडकगो यांपैकी एक. ब्रेव्ह, कारण त्याचा इंडेक्स स्वतःचा आहे. आणि ब्रिटनमधले मोजीक, तेही स्वतःच्या रोबोवर चालते. जोडीला विकिपीडिया राहू द्या. बस्स. प्रबंध-शोधनिबंधांसाठी 'सायन्स' विभागातली इंजिने वेगळी आहेत, ती लागतील तेव्हा वापरा.

या हिशोबाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. जे दुर्मीळ पान फक्त एकाच इंजिनला सापडले, ते यादीत खाली जाते. तुम्ही मेटासर्च बसवला तो नेमका त्याच पानासाठी. तेव्हा वरचे पाच निकाल बघून परतू नका. प्रत्येक निकालाखाली तो कुठल्या इंजिनांनी दिला ती नावे बारीक अक्षरांत असतात. एकच नाव असलेले निकाल शोधत खाली जा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मात्र काही इंजिने गळतात, कारण सगळ्यांना पुढची पाने देता येत नाहीत.

शोधाची भाषा 'सर्व भाषा'वरच ठेवा. फक्त पोर्तुगीज निकाल हवेत तेव्हा शब्दाआधी कोलन आणि त्याला चिकटून रोमी पी-टी लिहा. शेवटी 'सेव्ह' दाबायला विसरू नका. ही निवड ब्राऊझरच्या कुकीत राहते, म्हणून कुकी साफ केल्यात की गेली. 'कुकीज'च्या टॅबमध्ये तुमच्या निवडीची एक लांब लिंक मिळते, ती बुकमार्क करून ठेवली की चिंता नाही.

गोव्याबद्दल शोधताना

यंत्र लावणे तासाभराचे काम आहे. खरे कसब शब्द निवडण्यात आहे, आणि गोव्यातल्या शोधाला ते जरा जास्तच लागते. एका गावाची चार नावे, तीन लिप्या-भाषा आणि मध्येच बदललेली शुद्धलेखने.

डिचोली घ्या. मराठीत डिचोली, कोंकणीत दिवचल, सरकारी कागदावर रोमीत बिचोलिम. साखळीचे रोमी स्पेलिंग सॅन्क्वेलिम, पेडण्याचे पेर्नेम, केप्याचे क्वेपेम, काणकोणचे कॅनाकोना. पणजीची तर मौजच आहे: पणजी, पणजिम, पोर्तुगीज कागदांत पंगिम, आणि १८४३ साली राजधानी झाल्यावर नोव्हा गोवा. १८९०चा मजकूर 'पणजी' टाकून शोधलात तर हाती काही लागणार नाही. शोध सुरू करण्याआधी गावाची सगळी रूपे कागदावर लिहून काढा आणि मध्ये रोमी कॅपिटल अक्षरांत ओ-आर घालून जोडा. लहान अक्षरांतला ओ-आर गूगल साधा शब्द समजतो.

काळानुसार भाषा बदला. गोव्याचे पोर्तुगीज सरकारी राजपत्र १८३७ साली सुरू झाले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा सरकारी व्यवहार पोर्तुगीजमध्ये शोधावा, नंतरचा मुख्यतः इंग्रजीत. त्यातही एक खाच आहे. १९११ साली पोर्तुगीज शुद्धलेखन बदलले. त्याआधी 'कोमुनिदाद' रोमीत दोन एम घालून लिहीत, नंतर एक. म्हणून दोन्ही रूपे टाकावी लागतात. मराठीतही 'कोमुनिदाद', 'कोमुनिदादी', 'गावकारी', 'गांवकारी' असे सगळे चालते.

मराठीतली सर्वांत मोठी अडचण सामान्यरूपाची. अवतरणचिन्हांत 'म्हापसा' टाकलेत की 'म्हापशातील', 'म्हापशाचा' असलेली पाने सुटू शकतात. इंजिनांना इंग्रजी शब्दांची रूपे बरी कळतात, मराठीची फारशी नाहीत. तेव्हा 'म्हापशा', 'फोंड्या', 'केप्या' या सुरुवातींची पूर्ण रूपे वेगळी शोधावी: म्हापशात, म्हापशातील, म्हापशाच्या. 'गोमन्तक' आणि 'गोमंतक' ही जोडीही तशीच. वाचणाऱ्याला एक वाटते, यंत्राला दोन वेगळे शब्द दिसतात.

काही नावे स्वतःच घात करतात. 'सांगे' टाकलेत तर निम्मे अभंग येतील, म्हणून 'सांगे तालुका' असे अवतरणात टाका. 'फोंडा' टाकल्यावर सिंधुदुर्गातला फोंडाघाट मध्ये घुसतो. त्याला वजाचे चिन्ह चिकटवून 'फोंडाघाट' लिहा म्हणजे तो बाहेर जातो. वजा आणि शब्द यांत जागा सोडली तर चिन्हाचा उपयोग शून्य. मराठी निकालांत कोंकणी मिसळत असेल तर 'गोवा' हा शब्द जोडा, उलट कोंकणीच हवे असेल तर 'गोंय'.

एकाच साइटवर शोधायचे तर रोमीत साइट, लगेच कोलन, लगेच साइटचा पत्ता, मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. पीडीएफ हवे तर फाइलटाइप, कोलन, पीडीएफ. मेटासर्चमध्ये इथे सांभाळा: तो हे शब्द जसेच्या तसे पुढे पाठवतो, समजून घेणे ज्या त्या इंजिनावर. विकिपीडियाला साइटची अट कळत नाही, म्हणून असा शोध टाकताना ते बंद ठेवा. 'गेल्या वर्षातले' अशी कालमर्यादा लावली की ती सोय नसलेली इंजिने त्या शोधातून गुपचूप वगळली जातात. निकाल अचानक रोडावले तर आधी हेच तपासा.

बिघाड आणि त्यांची कारणे

सर्वांत जास्त दिसणारा संदेश 'कॅप्चा' किंवा 'टू मेनी रिक्वेस्ट्स'. इंजिनला तुमची विचारणा माणसाची नसून यंत्राची वाटली. सर्क्सएनजी मग त्या इंजिनला काही काळ विश्रांती देतो: जास्त विचारण्यांसाठी कमी, कॅप्चासाठी जास्त. कंटेनर पुन्हा सुरू केला की ही बंदी निघते, पण इंजिनचा राग गेलेला नसतो आणि पुढच्याच शोधाला तेच होते. एका मिनिटात वीस शोध टाकू नका. मोबाइल हॉटस्पॉटवर हे लवकर होते, कारण तिथे एकाच आयपी पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतात.

'टाइमआऊट' वेगळा. प्रत्येक इंजिनला उत्तरासाठी मुळात ३ सेकंद मिळतात आणि मंद जोडणीवर ते पुरत नाहीत. तुमच्या फोल्डरमधली सेटिंग्जची फाइल नोटपॅडमध्ये उघडा, 'आऊटगोइंग' विभागात 'रिक्वेस्ट टाइमआऊट' ६.० करा. तो विभागच नसेल तर शेवटी नवा लिहा: पहिल्या ओळीत विभागाचे नाव आणि कोलन, दुसऱ्या ओळीत दोन मोकळ्या जागा सोडून अंडरस्कोअरने जोडलेले नाव, कोलन, जागा, आकडा. इथे टॅब दाबलात तर कंटेनर सुरूच होणार नाही. या फाइलला फक्त स्पेस चालते. बदलल्यावर कंटेनर पुन्हा सुरू करा.

एखादे इंजिन आठवडाभर रिकामेच येत असेल तर त्याच्या पानाची रचना बदललेली असते. गूगलने जानेवारी २०२५ पासून जावास्क्रिप्टशिवाय शोधपान देणे बंद केले, बिंगने ऑगस्ट २०२५ मध्ये इतर प्रोग्रॅमना निकाल पुरवणारी आपली सर्च एपीआय सेवा गुंडाळली. अशा धक्क्यांनंतर प्रकल्पातली मंडळी दुरुस्ती करतात, ती तुमच्याकडे आपोआप येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी 'इमेजेस'मध्ये जाऊन 'पुल' करा, जुना कंटेनर काढून टाका आणि तेच पोर्ट, तेच फोल्डर देऊन नवा चालवा. नुसते 'पुल' करून जुनाच कंटेनर चालवत राहिलात तर काही बदलत नाही.

गोपनीयतेचाही गैरसमज असतो. घरी चालवलेल्या सर्क्सएनजीमुळे इंजिनला तुमच्या कुकी आणि खाते दिसत नाही, पण आयपी पत्ता तुमचाच दिसतो. दुसऱ्या कोणी चालवलेला सार्वजनिक सर्क्सएनजी वापरला तर आयपी लपतो, मात्र तुम्ही काय शोधता ते त्या अनोळखी चालकाला बघता येते.

साधे इंजिन केव्हा

जवळची फार्मसी, कदंबच्या बसची वेळ, आजचा पाऊस, नकाशा, दुकान उघडे आहे का: इथे मेटासर्च नको. साधे इंजिन तुमचे ठिकाण ओळखून उत्तर देते, मेटासर्चमध्ये ते निघून जाते. ताज्या बातमीसाठीही थेट वर्तमानपत्राची साइट किंवा बातम्यांचा विभाग लवकर पोचवतो.

आणि जिथे कुठलेच इंजिन पोचत नाही अशा जागाही आहेत. जमिनीचा एक-चौदाचा उतारा सर्व्हे नंबर भरल्यावर तयार होतो. तो कुठल्या इंडेक्समध्ये नसतो, भूनोंदींच्या सरकारी साइटवर स्वतः जाऊनच काढावा लागतो. पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. तिथल्या जुन्या ग्रंथ-वर्तमानपत्रांच्या स्कॅनमधला मजकूर म्हणजे चित्रे, त्यांत शब्द शोधता येईलच असे नाही. तिथे ग्रंथालयाचीच सूची बघा आणि तारखेने शोधा. समुद्र, मासळी, खाड्या यांवरच्या संशोधनाला दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे स्वतःचे भांडार आहे, प्रबंधांना शोधगंगा. या साइटच्या आतल्या शोधपट्टीत टाकलेला एक शब्द बाहेरच्या दहा शोधांना भारी पडतो.

सर्क्सएनजी कोपर्निकसारखा शोध जपून ठेवत नाही. निकाल सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवता येतात, पण मुळात ते बंद असते आणि मागितले तर ४०३ची चूक येते. सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'सर्च' विभागातल्या 'फॉरमॅट्स'च्या यादीत एचटीएमएलखाली सीएसव्ही जोडले की ते सुरू होते. तोवर एक साधी एक्सेल शीट पुरते: तारीख, नेमके टाकलेले शब्द, इंजिन, सापडलेले पान. काहीच सापडले नाही तेही लिहा, नाहीतर महिन्याभराने तेच शब्द पुन्हा टाकत बसाल. कामाचे पान मिळाले की ते त्याच वेळी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर 'सेव्ह पेज नाऊ'ने जतन करा. गूगलने कॅशची, म्हणजे त्याने जपलेल्या पानाच्या प्रतीची, लिंक २०२४ मध्ये काढून टाकली आहे, त्यामुळे साइट बंद पडली तर ते पान परत मिळवण्याचा तो जुना मार्ग आता नाही.